सईशी वऱ्हाडीतच बोल

प्रिय आई,
टोकियोतल्या ओजिमाहून चैत्रालीचा नमस्कार.

सईची सर्दी गेली. तुझे गुडघे कसे आहेत?

फोनवर तू नातीशी पुस्तकी मराठी बोलतेस. पुण्यात माझ्या वऱ्हाडीला लोक हसले, तसं तिला कोणी हसू नये म्हणून, हे कळतं मला.

ऑफिसात लोरेन-सान आहे, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय घरातली. तिच्या आईनेही घरची बोली बाजूला ठेवून तिला शाळेतली इंग्रजी बोलायला लावली. लोरेन शिकली, मोठ्या हुद्द्यावर गेली. आता तिने फोन केला की तिची ती इंग्रजी ऐकून आई विचारते, "बँकेतून बोलतेस का?" हसत सांगत होती, पण तिचा जेवणाचा डबा तसाच राहिला.

सई काय, उत्तर जपानीतच देणार. तू आपलं "काय करून रायली वं पोरी" असंच विचार. फोन स्पीकरवर असतो. मीही ऐकत असते.

तुझी,
चैत्राली