ताप उतरून राहिला

आई, चुकलेल्या शब्दाखाली तू नख टेकवायचीस. बोलायची नाहीस, रेघ ओढायची नाहीस, फक्त नख. वॉर्डातल्या साबणाने पांढरं पडलेलं, अगदी बारीक कापलेलं. काय चुकलं ते मला सापडेपर्यंत ते तिथून हलायचं नाही. मला त्याचा फार राग यायचा. वर्गातल्या मुलींच्या आया शाळेची वहीसुद्धा उघडत नसत, आणि शाळा तर सगळी हिंदीच होती. राज्यं वेगळी झाली तेव्हा नागपूर तिकडे गेलं, तुझी नर्सची नोकरी इकडे जबलपूरला राहिली आणि नोकरीबरोबर आपणही. मराठी उरली ती चेरीतालच्या आपल्या दोन खोल्यांपुरती. दोन खोल्यांत बोलायच्या भाषेची इतकी झडती कशासाठी, हे मला कळत नव्हतं.

आता मी तुझ्या तेव्हाच्या वयाच्या दुपटीला आले आहे. तुझ्यासारखी नर्स झाले नाही, फिजिओथेरपिस्ट झाले. लोकांचे आखडलेले खांदे आणि गुडघे हलते करायचे, हा माझा धंदा. बरगीपासून शहपुऱ्यापर्यंतची माणसं येतात. मी गुडघ्यावर हात ठेवते, तो गरम आहे की गार ते बघते, दाबल्यावर माणूस तोंड कसं करतो ते बघते आणि मग काय ते सांगते. हिंदीत सांगते, मराठीत सांगते, अर्धं अर्धं सांगते. समजलं नाही तर माणूस समोरच असतो, पुन्हा विचारतो.

तीन वर्षांपूर्वी तुझ्या नातवाने मला इंटरनेटवर लिहायला बसवलं. त्याला मराठी कळते, पण उत्तर हिंदीतच येतं. म्हणाला, "मम्मी, हिंदी में तो सब लिख रहे हैं. आप मराठी में लिखो ना." मी लिहू लागले. पाठदुखी, मानदुखी, पडल्यावर काय करावं. वाचणारे वाढले. नाशिक, कोल्हापूर, कुठून कुठून लोक आभार मानायचे आणि मी थोडी फुगले, हेही खरं. नागपूरचे एक निवृत्त मास्तर माझ्या प्रत्येक मजकुराखाली चुका काढायचे. इथे लिंग चुकलं, तिथे काळ चुकला. मी हसायचे. गुडघा दुखतो तेव्हा व्याकरण कोण बघतं? नातवाचंही तेच मत होतं, "समझ में तो आ रहा है ना?" मास्तरांना उत्तर द्यायचं मी बंद केलं.

मग एका सकाळी साताऱ्याच्या एका बाईंचा निरोप आला. त्यांची सासू अंगणात पडली होती, हाड मोडलं नव्हतं, गुडघा सुजला होता. मी लिहिलं होतं, "सूज उतरून राहिली असताना पायावर भार देऊ नये." पुढे लिहिलं होतं की चालण्याबद्दल दुसऱ्या मजकुरात सांगेन, आणि तो मजकूर लिहायचा राहून गेला होता. बाईंनी लिहिलं, "सूज दहा दिवसांत उतरली. आमचे डॉक्टर म्हणाले होते, उतरली की चालवा. पण तुमच्याकडे वाचलं की उतरून राहिल्यावरही भार द्यायचा नाही, म्हणून आम्ही त्यांना सहा आठवडे पलंगावरून उठू दिलं नाही. आता गुडघा वाकत नाही. त्या रडतात. काय करू?"

मी ते वाक्य चार वेळा वाचलं. मला त्यात काही वावगं दिसेना. सूज उतरून राहिली, म्हणजे उतरते आहे, अजून उतरायची आहे. मी करून राहिले, तो जाऊन राहिला, आपण जन्मभर असंच बोललो. पाचव्यांदा मी ते साताऱ्याच्या डोळ्यांनी वाचलं. उतरून राहिली, म्हणजे उतरली आणि तशीच राहिली. तीच अक्षरं. आपल्याकडे काम चालू आहे, त्यांच्याकडे ते होऊन गेलं.

त्यानंतर मी जे केलं ते सांगते. मी आधी तो मजकूर उघडला आणि "उतरत असताना" असं करून टाकलं. एका मिनिटाचं काम. पोस्टकार्डावर खोडलेलं दिसतं, इथे काहीच दिसत नाही. मग मी बाईंना लिहिलं, "आपण मजकूर कृपया पुन्हा एकदा नीट वाचावा." किती शुद्ध वाक्य. तू असतीस तर तुझं नख त्याच्याखाली कुठेच टेकलं नसतं.

दुपारी त्यांचं उत्तर आलं. "वाचलं. माझंच वाचायचं चुकलं, ताई. घरातले सगळे मला बोलत आहेत, आणि बरोबरच आहे. माफ करा, तुम्हाला उगाच त्रास दिला."

मला शरम वाटली, आणि तिच्या पाठोपाठ मामा आठवला.

तुला तो दिवस आठवण्याचं कारण नाही, तुझ्यासाठी तो साधा दिवस होता. आजी आपल्याकडे होती, तिला ताप येऊन आठवडा झाला होता. तू स्वयंपाकघरात उभ्या उभ्या पोळी खात होतीस, पांढरी साडी नेसून, ड्यूटीला निघायच्या घाईत. पुण्याच्या मामाला पोस्टकार्ड लिहायला तू मला बसवलंस आणि तोंडी सांगितलंस की ताप हळूहळू उतरतो आहे, अजून गेलेला नाही, सुट्टी मिळाली तर येऊन जा. मी माझ्या भाषेत लिहिलं, आजीचा ताप उतरून राहिला, सुट्टी मिळाली तर ये. तुझं नख आलं.

"हे काय लिहिलं?"

"उतरूनच तर राहिला ना."

"बोलाले ठीक आहे. पण कार्ड कोण वाचीन? मामा कारखान्यात राहते, कार्ड मामीच्या हातात पडीन. ते पुण्याकडची. ते म्हणीन, उतरला ताप, झालं. कशाले येतील मग?"

"मग विचारतील ना."

"कोणाले विचारतील? कार्डाले?" तू पाणी प्यायलीस. "मी वॉर्डात दुसऱ्या सिस्टरसाठी लिहून ठेवतो अन् घरी येतो. ते काय घरी येऊन विचारणार हाय का मले, की बाई, असं काहून लिहिलं? तिच्या हातात पेशंट असते. चलो, दुसरं कार्ड घे. अन् चारच्या आत डब्यात टाक."

तू गेलीस. बाहेर मुली लंगडी खेळत होत्या आणि माझ्या नावाने हाका मारत होत्या. पण मी दुसरं कार्ड लिहिलं नाही, त्याचं ते मूळ कारण नव्हतं. मूळ कारण राग होता. माझ्या वाक्यात काही चुकलेलं नाही, हे मला पटलेलं होतं. मी पहिलंच कार्ड डब्यात टाकलं आणि कोरं कार्ड शेगडीत घातलं. संध्याकाळी तू विचारलंस, "लिहिलं दुसरं?" मी म्हटलं, "हो."

पुढच्या आठवड्यात आजी गेली. ताप उलटला, तुझ्याच वॉर्डात, तुझ्याच पाळीत. तार गेली, मामा-मामी आले ते सगळं आटोपल्यावर. मी पाण्याचे पेले घेऊन दारात उभी होते. तू मामाला म्हणालीस, "कार्ड लिहिलं होतं तुले. कार्ड लिहूनही आला नाहीस."

"कार्डात तर ताप उतरला म्हणून होतं ना, ताई."

"खोटं काहून बोलून राहिला? मी सोता सांगून लिहून घेतलं."

मामी म्हणाली, "वन्सं, खरंच तसं होतं. मीच वाचून सांगितलं यांना."

"माय मेली, अन् तुमी दोघं कार्डावर घालून राहिले," तू म्हणालीस. मामा माझ्याकडे बघत नव्हता, त्याला काही माहीतच नव्हतं. शेवटी म्हणाला, "माझंच चुकलं असीन. हिनं नीट वाचलं नसीन." मामीने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि पदर सारखा केला.

त्यानंतर तू पुण्याला कधी गेली नाहीस. मामाच्या मुलीच्या लग्नालाही नाही. तू गेलीस तेव्हा मामा आला होता, भिंतीशी बसून होता. दोन वर्षांनी तोही गेला. तुझ्या कपाटात त्याची राखी निघाली. कुठल्या वर्षाची कोण जाणे, आणून ठेवलेली, पाठवायची राहिलेली.

मी व्याकरणाची भक्त झालेली नाही, आई. आपल्या घरात "उतरून राहिला" हे बरोबरच होतं आणि अजून बरोबर आहे, कोणी त्याला हसलं तर मी भांडेन. पण समोर बसून बोलणाऱ्याचं काम वेगळं आणि लिहून उठून जाणाऱ्याचं वेगळं. लिहिणारा डॉक्टर असो, वकील असो की माझ्यासारखी गुडघेवाली, वाचणाऱ्याच्या हातात पेशंट असतो. तू हे एक पोळी खाता खाता सांगितलं होतंस. मला ते कळायला साताऱ्याच्या त्या म्हातारीचा गुडघा लागला.

तिसऱ्या दिवशी मी बाईंना लिहिलं. वाक्य आधी कसं होतं, मी ते गुपचूप कसं बदललं, चूक कोणाची. लिहिलं की हे घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा, विशेषतः सासूबाईंना. तेच मजकुराखालीही सर्वांना दिसेल असं लिहिलं. मास्तरांनी त्याखाली काहीच लिहिलं नाही, एवढे ते सज्जन. आता रोज सकाळी फोनवर बघत मी सासूबाईंकडून व्यायाम करून घेते. गुडघा अर्धा वाकतो. पूर्ण वाकेल असं मी म्हणत नाही. जितका वाकतो तितकाच लिहिते.

मामी अजून आहे. पुण्यातच असते, ऐंशी उलटली आहे, कानांनी कमी ऐकते, डोळे चांगले आहेत. तिला लिहिलंच पाहिजे, बोलून भागणार नाही. कार्ड तुम्ही बरोबर वाचलं होतं, एवढी एकच ओळ. ती लिहायला मी गेले चार दिवस बसते आहे आणि दर वेळी तुलाच लिहीत सुटते. तू काही विचारणार नाहीस, हे मला माहीत आहे, म्हणून.