बेसा येथील बुटक्या ओट्याचे घर

मी, श्रीमती भागीरथा चंपतराव गावंडे, वय एकाहत्तर, बुटीबोरीच्या एका सूतगिरणीतून निवृत्त, राहणार बेसा, नागपूर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. मी कोणाच्या दडपणाखाली नाही. दडपण आले होते, त्याला मी भीक घातली नाही, म्हणूनच हा कागद करते आहे.

१. माझे पती कै. चंपतराव यांना वयाच्या दुसऱ्या वर्षी पोलिओ झाला आणि दोन्ही पाय गेले. मागच्या उन्हाळ्यात ते वारले. आम्हाला मूल नाही. वकीलबाई सांगतात की मी मृत्युपत्र न करता गेले, तर माझ्या नावावरचे घर नवऱ्याच्या माणसांकडे, म्हणजे धाकट्या दिराकडे आणि त्यांच्यामागून पुतण्या सुशीलकडे जाईल. ते जाऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे.

२. दिरांचा माझ्यावरचा राग जुना आहे. माझी सोयरीक आधी त्यांच्याशी ठरत होती. मुलाचे घर पाहायला मुलगी जात नसते, पण मी हट्टाने वडिलांबरोबर गेले. जेवायला पाटोडीचा रस्सा होता. मी दोनदा मागून घेतला आणि कोणी केला म्हणून विचारले. मग स्वयंपाकघरातून आवाज आला, "म्या केला. तिखट झाला का?" मी आत जाऊन पाहिले. चुलीपुढे पाटावर हे बसलेले, हात पिठाने भरलेले, आणि माझ्याकडे बघून हसत होते.

घरी येताना मी वडिलांना सांगितले, करीन तर थोरल्याशी करीन. वडील म्हणाले, "काहून वं, डोकं फिरलं का तुयं?" मी म्हटले, "डोकं जाग्यावर हाय बाबा. मले थोच आवडला." महिनाभर घरात कोणी माझ्याशी धड बोलले नाही. लग्न झालेच.

३. घराविषयी. हा प्लॉट आम्ही घेतला तेव्हा बेसात शेते होती. माझा गिरणीतला पगार आणि त्यांची कूलरच्या मोटारी वाइंडिंग करण्याची कमाई, दोन्ही यात गेले. मिस्त्रीने स्वयंपाकाचा ओटा नेहमीच्या उंचीचा बांधला. हे चाकाच्या खुर्चीवरून आत गेले आणि तोड म्हणाले. मिस्त्री चक्रावला, "भाऊ, वहिनी तं उभ्यानंच रांधतीन ना?" हे म्हणाले, "रांधतो मी. थे फक्त खाते." ओटा दुसऱ्या दिवशी तोडला. बटणे, कड्या, नळ, देवाची फळी, सगळे त्यांच्या हाताला येईल असे केले. पाहुणे आले की मला म्हणत, बाई गं, जन्मभर वाकून काम करावे लागते तुला. मी जन्मात त्या ओट्यावर चहापलीकडे काही केले नाही. पाळीवरून यायचे, हात धुवायचे आणि ताटावर बसायचे. माझा नवरा बिचारा नव्हता. बाजूला चाके लावलेल्या स्कूटरवर तो मला रामटेकला न्यायचा, वरातीत ती स्कूटर गोल गोल फिरवून नाचायचा, आणि भांडणात मला कधी जिंकू द्यायचा नाही.

४. तेरवीच्या दिवशी, पंगती उठायच्या होत्या तेवढ्यात, सुशील मिस्त्री घेऊन स्वयंपाकघरात शिरला. "काकू, आता काकाजी नाही राहिले. ओटा उंच करून घेऊ, घर नॉर्मल करू, भाव बी चांगला येईन." मी दोघांनाही बाहेर काढले. त्या गडबडीत सुशीलची मोजपट्टी ओट्यावर राहिली. ती त्याची आहे, त्याला परत द्यावी. याखेरीज माझ्या मालमत्तेतून त्याला काही देऊ नये.

५. वाइंडिंगचे मशीन आणि सर्व अवजारे शेजारच्या दुकानातल्या मोहितला द्यावीत. न विचारता यांना उचलायला तो कधी धावला नाही. त्यांची पितळी गंजे, म्हणजे रांधायची पातेली, माझी गिरणीतली मैत्रीण कांताबाई यांना द्यावीत, पण भाजीत साखर घालणार असतील तर देऊ नयेत.

६. घर, जागेसकट, मी कु. हर्षा भैयाजी लांजेवार हिला देते. ती रामदासपेठेत एका कार्यालयात हिशेबनीस आहे, अपघातानंतर चाकाच्या खुर्चीवर असते, आणि चार वर्षांपासून आमच्या पुढच्या खोलीत भाड्याने राहते. एकदा मला म्हणाली, "काकू, या घरात मले कोणाले आवाज द्यावा लागत नाही." घर तिला द्यायला मला दुसरे कारण लागत नाही. तिला हवा तो बदल तिने करावा.

७. हे कलम सर्वांत आधी, दीर आणि सुशील यांच्यासमोर, मोठ्याने वाचावे. तेरवीच्याच पंगतीत दीर सोयऱ्यांना सांगत होते, "दादाले पायच नव्हते, वारस कुठून येईन? घर शेवटी आपलंच हाय." तर ऐका. लग्नानंतर सहा वर्षांनी आम्ही दोघे डॉक्टरकडे गेलो. दोघांच्याही तपासण्या झाल्या. यांच्यात काहीही कमी नव्हते. मूल होणार नव्हते ते माझ्यामुळे. बाहेर आल्यावर मी रडत होते, तेव्हा हे स्कूटर सुरू करता करता म्हणाले, "कोणाले सांगू नको वं. लोक मले तसेही बोलतेतच, त्यात हे बी खपून जाईन. तू काहून ऐकून घेतं?" त्यानंतर जन्मभर, प्रत्येक बारशाला आणि लग्नाला, त्यांनी ते बोलणे ऐकून घेतले आणि वर हसले. त्यांनी माझ्याकडून शब्द घेऊन मला गप्प बसवले होते. आज मी तो शब्द साक्षीदारांसमोर मोडते. मलाही आता कोणी बिचारी म्हणू नये. आम्ही फार मजेत राहिलो, आणि मला त्यांची रोज आठवण येते.

हे ऐकून कोणाला उठून जावेसे वाटले तर जाऊ द्यावे. आमच्या दाराला उंबरठा नाही, ठेच लागायची नाही.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, एक शब्दही बदलायचा नाही असे सांगितले आणि दोघींच्या देखत सही केली.

सही : भागीरथा चंपतराव गावंडे

साक्षीदार :
१. अ‍ॅड. उन्नती ढोबळे
२. यमुताई वानखेडे, शेजारीण

स्थळ : बेसा, नागपूर
दिनांक : १४ मार्च २०२५