रोपासकट

३ जुलै
पोचलो बाई एकदाचे निलंग्याला! अक्षरानं एसटीत ओकून माझ्या नव्या साडीचं वाटोळं केलं, पण खोली बघून सगळा राग गेला. मोठी खिडकी, मागं आंगण, कुंपणाला मेंदी. कृषी सहायकाची नोकरी लागली म्हणून आम्ही मायलेकी इकडं आणि नवरा शिवकुमार तिकडं हिमायतनगरच्या शाळेत मास्तर. घरमालकीण गुरम्मा एकटीच राहते, कानडी-मराठीची खिचडी बोलते. येताच भाकरी आणि शेंगाची चटणी पुढं ठेवली. अक्षराला दुसरीत घातलं. लई बरं वाटून राहिलं.

११ जुलै
डेंग्यू होऊन गेल्यापासून केस मूठमूठ गळतात. कंगव्यात केस, पोळीत केस. अक्षरा म्हणते, आई, तू टकली होणार. कार्टी! गुरम्मानं कुंपणावरची अमरवेल तोडली, ती पिवळी शेवयांसारखी, आणि करडईच्या तेलात उकळून दिली. तिच्या आईपासूनचा उपाय म्हणे. मी कृषीची पदवीधर, आधी हसले. मग गपगुमान डोक्याला चोळलं. केसांपुढं पदवी काय करणार?

२६ जुलै
केस येऊन राहिले! दाट, मऊ, जरा पिवळसर.
आज शेषेराव पाटलांच्या सोयाबीनमध्ये अमरवेल निघाली. चार शेतकरी जमवून समजावलं. हिला पान नाही, मूळ नाही. खोडाला विळखा घालते, बारीक सोंडा आत खुपसते आणि झाडाच्या पाण्याच्या नळ्यांना आपल्या नळ्या जोडते. मग झाडानं ओढलेलं पाणी, झाडानं केलेलं अन्न, सगळं हिचं. ओढून काढली तर तुकडे पडतात, आणि तुकडा ओल्या खोडाला लागला की तिथं जगतो. म्हणून रोपासकट उपटा आणि जाळा. शेषेराव खाली बसून रोप बघत होते.
"झाडाला दुखत आसंल का ओ म्याडम?"
मी हसून म्हणाले, त्याला कुठलं आलंय दुखणं.

८ ऑगस्ट
केस कमरेच्या खाली गेले. गुरम्मा कौतुक करते. मला तहान फार लागते, घागर पुरत नाही. सकाळी करपल्याचा वास आला म्हणून पाहिलं, तर बोट तव्याला टेकलेलं होतं. दुखलं नाही. पाण्याखाली धरलं, भाकरी उलटली.

१४ ऑगस्ट
केस कापले. टोकांतून पाणी ठिबकलं. बुडाशी बोट फिरवलं तर एकेक केस जाड, आत रुतलेला, ओढला की कातडी वर येते. भ्यायला पाहिजे होतं. मी चहा ठेवला.
कापलेले केस जाळायला म्हणून पेपरात गुंडाळले होते. अक्षरा रडत आली. उद्या शाळेत नाच आहे, सगळ्या पोरींच्या लांब वेण्या, हिचेच केस मानेपर्यंत. गुरम्मानं त्या केसांचं गंगावन गुंफून तिच्या डोक्याला बांधलं. नको म्हणावं असं मनात आलं. पण बोलायचाच कंटाळा आला.

१५ ऑगस्ट
छान नाचली. गुरम्मानं कानशिलावर बोटं मोडून दृष्ट काढली.
घरी आल्यावर गंगावन सुटेना.

१७ ऑगस्ट
अक्षरा पायरीवर पडली. गुडघा फुटला. रडली नाही. रक्ताकडं बघत बसली.
"आई, हे माझंच हाय का?"
मग पाणी मागितलं. तांब्याभर प्याली, परत मागितलं.

१८ ऑगस्ट
तिची वेणी कापली. संध्याकाळपर्यंत वाढून परत तेवढीच. डॉक्टरनं मलम दिलं. गुरम्मा देवापुढं बसून आहे, तेल फेकून दिलं म्हणाली.
शेतात मीच सांगितलेलं डोक्यात फिरून राहिलं. रोपासकट.
ती माझी लेक आहे. रोप नाही.
माझी लेक आहे.

२० ऑगस्ट
शिवकुमारला फोन केला. म्हटलं, हिला नांदेडला मोठ्या दवाखान्यात ने, माझ्यापासून लांब ने. उद्या येतो म्हणाला.
त्याला एक गोष्ट बजावायची होती — फार महत्त्वाची —
आठवत नाही. पाणी प्याले.

२१ ऑगस्ट
आला. अक्षरा पळत गेली. पप्पा म्हणाली. पळाली म्हणजे अजून —
त्यानं कडेवर घेतलं. तिनं खांद्यावर डोकं टाकलं. वेणी त्याच्या मानेवरून पाठीवर —
हेच सांगायचं होतं. हात लावू नको.
मी विचारलं, मानेला टोचतंय का.
"न्हाई गं. काहीच वाटत न्हाई."
हसला. मग म्हणाला, तनुजा, पाणी दे.
उठायला पाहिजे. कात्री फळीवर आहे. उठते —
पाय कुठं आहेत, कळत नाही —
अक्षरा माझ्याकडं बघून —