वीस लाल दोरे

२ नोव्हेंबर १९७२, गुरुवार
घडले ते असे:
१. रविवारी घोडेगावजवळच्या तळ्यात जलपर्णीच्या वीस फुलदांड्यांना, फळ धरते का पाहायला, लाल दोरा बांधला. काठावरून, हात पुरेल तिथपर्यंत.
२. आज एकही दोरा दिसला नाही. फळही नाही.
३. तळ्यावर रोज एकच बाई धुणे धुते. चांगुणाबाई.
निष्कर्ष उघड आहे.

५ नोव्हेंबर
चांगुणाबाईला विचारले. म्हणाली, त्या दोऱ्याचा मी काय करदोटा करू? फूल सुकलं की मान खाली घालतंय, बाई, न् पान्यात बाळंत हुतंय. हात घालून बगा की.
सबब रचायला शिक्षण लागत नाही.
फूल कापले. पाकळ्या सहा, सर्वांत वरच्या पाकळीवर पिवळा ठिपका. पुंकेसर सहा: तीन लांब, तीन आखूड. अंडाशयात तीन कप्पे, बीजांडे असंख्य. तरी फळ नाही. अर्थात इथे ही वनस्पती वांझ. उद्या पाण्यात उतरून खात्री करणार.

६ नोव्हेंबर
सर्दी.

१३ नोव्हेंबर
पाणी फार गढूळ. शिवाय उतरण्याची शास्त्रीय आवश्यकता नाही.

२० जानेवारी १९७३
तळे आटले. दुष्काळी कामावर गाळ काढून शेतांत आणि दुसऱ्या तळ्यांच्या बांधांवर टाकणार. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते म्हणून उपअभियंत्यांनी विचारले, त्यातून जलपर्णी पसरेल का? सहीनिशी दाखला दिला: बी धरत नाही, गाळ निर्धोक. इतकं स्पष्ट कुणी लिहून देत नाही, म्हणाले.
चांगुणाबाईही त्याच कामावर आहे. तिथल्या रंगनाथ मुकादमाला दोऱ्यांच्या चोरीचेही सांगितले. तो म्हणाला, आमाला घमेली सांभाळायची असतात, असली बाई नको. चोरीचा शेरा पडून चांगुणाबाईचे नाव हजेरीवरून गेले. मी फक्त वस्तुस्थिती सांगितली.

८ मे
चांगुणाबाई रस्त्यात भेटली. आता चार मैलांवर खडी फोडायला जाते. म्हणाली, तुमच्या दोऱ्यानं लई लांब नेलं बगा, बाई.
मतभेद व्यक्तिगत घेऊ नयेत.

३ जून
तळ्याच्या न खणलेल्या कोपऱ्यात, वाळल्या चिखलात, अकरा लाल दोरे. गाठी माझ्याच. दांड्या खाली वळलेल्या, टोकांना उकललेली बोंडे, आत तीन कप्पे. कुणी तरी मुद्दाम पुरली असावीत. सवडीने तपासणार.

५ जुलै
ज्या तीन तळ्यांच्या बांधांवर गाळ टाकला, त्या तिन्हींत पाण्याच्या कडेला बोटभर रोपे. पूर्वी तिथे जलपर्णी नव्हती. आधी लिहिले, वाऱ्याने आली असावीत. मग खोडले.

७ जुलै, शनिवार
पाठवलेल्या पत्राची प्रत.
मा. उपअभियंता यांस,
माझा २० जानेवारीचा दाखला चुकीचा आहे. फूल कोमेजल्यावर दांडी वळून पाण्यात जाते. फळ पाण्याखाली पिकते आणि बी गाळात राहते. मी पाण्यात हात घातला नव्हता. दोरे चोरीला गेले नव्हते. हे चांगुणाबाईंनी मला नोव्हेंबरातच सांगितले होते.
काम आता बंद झाले आहे हे मला माहीत आहे. तरी त्यांच्या नावापुढचा शेरा खोडावा आणि तसे त्यांना लेखी कळवावे. गाळ आणखी कुठे कुठे टाकला, त्याची यादी मला द्यावी. रोपे मी स्वतः पाण्यात उतरून उपटीन.
शनिवार, १४ जुलैपर्यंत उत्तर द्यावे, ही विनंती.