कंपनीची अब्रू

९ जानेवारी, मुरुम

टाकला एकदाचा रिव्ह्यू. एक स्टार. शून्य देताच येत न्हाय, लई वेळा दाबून बघितलं.

लिहिलं ते असं — "पुण्याहून येताना ह्या ट्रॅव्हल्सनी माझ्या आत्याला टेंभुर्णीजवळ ढाब्यावर सोडून दिलं. साठीच्या पुढची बाई. लघवीला उतरली, क्लीनरला सांगून उतरली. परत आली तर गाडी न्हाय. पिशवी गाडीत, मोबाईल पिशवीत. रात्रभर थंडीत ढाब्यातल्या भांडीवाल्या बाईजवळ बसून होती. फोन केला तर म्हणले, माणसं मोजायचं काम आमचं न्हाय. कुणी बसू नका."

पुढं एक शिवी होती. बहिणीनं, शिवप्रियानं, खोडायला लावली. मोबाईल तिचा, खातं तिच्या नावाचं, मग हुकूम पण तिचाच. माझा मोबाईल माकणीच्या धरणात आहे. मासे बघायला वाकलो होतो.

ट्रॅव्हल्सचं नाव इथं लिहीत न्हाय. काय सांगावं.

१२ जानेवारी

खाली एकानं लिहिलंय — आमच्या वडलांना पण असंच सोडलं. आत्याला वाचून दाखवलं.

"त्यांची बी पिशवी गेली का?" म्हणाली. मग म्हणाली, "आपलं परत वाच, तम्मा." लहानपणापास्नं ती मला तम्माच म्हणते.

तिला त्यातलं एकच ऐकायचं असतं — क्लीनरला सांगून उतरली. घरी आल्यापास्नं येणारा-जाणारा विचारतोय ना, 'शिवम्मा, सांगून उतरायचं न्हाय का?' दरवेळी ती सांगते, "सांगितलं की. बाळा, थांब हं, म्हणलं. त्यानं मान हलवली." मान कशी हलवली ते पण करून दाखवते.

आई गेल्यावर हिनंच आम्हा दोघांना वाढवलं. हिनं कधी काही वाढवून सांगितलेलं मला आठवत न्हाय. भूतसुद्धा आहे तेवढंच सांगायची.

१३ जानेवारी

दोस्त बलभीमच्या रानात हुरडा. दिवस तिथंच गेला.

१७ जानेवारी

नोटीस आली. शिवप्रियाच्या व्हॉट्सॲपवर, पुण्याच्या वकिलाची, इंग्रजीत. तिनं वाचून सांगितली. त्या गाडीत शिवम्मा नावाची प्रवासीच नव्हती. (तिकीट आत्याच्या जावयाच्या नावावर काढलेलं!) कंपनीची अब्रूनुकसानी झाली. मजकूर काढा, जाहीर माफी मागा, न्हायतर फौजदारी.

आत्या चुलीपुढनं म्हणाली, "कंपनीला अब्रू असती व्हय? मग मला तिथं टाकून गेली तवा कुठं ठिवली व्हती?"

मी हसलो. शिवप्रिया हसली न्हाय. ती पोलीस भरतीत निवडली गेली आहे, चारित्र्य पडताळणी ह्याच महिन्यात. दोन वर्षं पहाटे उठून पळाली ती, कुत्री अंगावर घेत. मोबाईल माझ्या हातात देऊन एवढंच म्हणाली, "नोटिशीत नाव माझं आहे, विऱ्या."

१८ जानेवारी

त्यांच्या मॅनेजरला फोन लावला. भांडायचं ठरवून लावला होता. तो गोड बोलला.

"मॅडमच्या फोटोखाली अभिनंदन वाचलं. पोलिसात जाणार म्हणे. चांगलंय. कायदा कळत असेल मग त्यांना."

व्हय म्हणलं मी. व्हय का म्हणलं?

२० जानेवारी, तुळजापूर

राघवेंद्र वकिलांकडं आलो, मित्राचे काका. सकाळीच पोचलो होतो, पण वाटेत एक म्हातारा कवड्यांची माळ ओवत बसलेला. फुटकी कवडी तो बोटानंच ओळखून बाजूला टाकतो. बघत बसलो ते दुपार झाली.

वकील जेवून उठले होते. नोटीस वाचली.

"खरं लिहिलंय का?"

"व्हय."

"मग जिंकशील. पाच-सात वर्षांनी. बहिणीची पडताळणी कधी?"

"ह्याच महिन्यात."

"मग मला विचारायला कशाला आलास?"

चहा पाजला. फी घेतली न्हाय. घेतली असती तर बरं वाटलं असतं.

२१ जानेवारी

मजकूर काढला. एक बोट लावलं, गेला. त्या वडलांवाल्याचं खालचं पण त्याच्यासंगट गेलं. त्याला कुठनं सांगू?

२२ जानेवारी

एवढ्यावर भागत न्हाय. माफीचा व्हिडिओ पाहिजे, आत्या शेजारी बसलेली पाहिजे. बोलायचं ते मॅनेजरनं लिहून धाडलं — "आमच्या आत्या वयामुळे विसरभोळ्या झाल्या आहेत. त्या स्वतःच वेळेत गाडीत आल्या नाहीत. आमचा गैरसमज झाला."

मी म्हणलं, हे मी बोलणार न्हाय. शिवप्रिया म्हणाली, "नको बोलू." अन् बाहेर जाऊन बुटांचा चिखल काढत बसली. वाळलेला, कधीचा. तिनं जोर दिला असता तर मी भांडलो असतो.

२३ जानेवारी

केला.

आत्यानं इरकल नेसलं, कुणीतरी फोटो काढणार म्हणून. "मी काय बोलू?"

"काय न्हाय. नुसतं बस."

मी बोललो, ती कॅमेऱ्याकडं बघत बसली. विसरभोळ्या म्हणताना माझा आवाज अजिबात हलला न्हाय. दुसऱ्यांदा करावा लागला न्हाय, एका दमात. मॅनेजरनं अंगठा पाठवला.

नंतर आत्यानं पदर सारखा केला. मग म्हणाली, "झालं का?"

समजावून सांगायला पाहिजे होतं — हे खोटं आहे, शिवप्रियासाठी आहे. सांगणारच होतो. तेवढ्यात बाहेर बलभीम आला, उमरग्याला चल म्हणाला. गेलो.

२९ जानेवारी

पडताळणीला हवालदार आले, रणधीर म्हणून. पोहे खाल्ले. शिवप्रियानं स्वतःहून नोटिशीचं सांगितलं. मी तिच्याकडं बघतच राहिलो.

"केस दाखल हाय का?"

"न्हाय."

"मग न्हाय म्हणून लिव्हतो. असल्या नोटिसा लई फिरत्यात. तेवढ्यानं कुणाचं काय व्हत नस्तंय."

सही केली, हात पुसले, गेले. शिवप्रिया दारातच उभी. आनंद व्हायला पाहिजे होता. झाला पण असंल.

ट्रॅव्हल्सच्या पानावर सगळे पाच स्टार. वर आमचा व्हिडिओ चिकटवलाय.

२ फेब्रुवारी

सकाळी उठलो तर आत्या नेसून, डोक्यावर पदर घेऊन ओट्यावर बसलेली. म्हणलं, कुठं निघालीस?

"उमरग्याला डागदरकडं ने मला, तम्मा. डोकं दाखवायचंय. क्लीनरला सांगितलं असंच वाटत राहतंय मला अजून."