सील डोळ्यांदेखत

१२ सप्टेंबर
आजपासून रोज लिहायचं. मोठी माणसं लिहितात.

बीडच्या क्लासचा राजीनामा दिला. स्पोकन इंग्लिश शिकवून ही माणसं सुधारणार नाहीत. आता बिभीषणच्या परमिट रूममध्ये माझं कॉकटेल काउंटर. गेवराई रोडवर असलं काही कुणी पाहिलेलं नाही. बिभीषण म्हणजे माझ्या बायकोचा, मनिषाचा, धाकटा भाऊ. म्हणाला, "दाजी, तुमी म्हणाल तसं. दिवाळीपर्यंत चाललं तर अर्धी भागीदारी तुमची." नाही चाललं तर काय, ते तो बोलला नाही. दाजीला कोण बोलणार?

मनिषा म्हणाली, क्लासच्या सरांना तुमची जागा दिवाळीपर्यंत ठेवायला सांगते. बायकांना रिस्क कळत नाही.

१५ सप्टेंबर, सकाळी
ऑनलाइन कोर्स पूर्ण. सर्टिफिकेट आलं. नाव चुकलंय, पण शिक्का चांगला आहे.

व्हिडिओवाला सांगतो, सुरुवातीला पाचच वस्तू घ्या. शेकर, मापाचा जिगर, गाळणी, पुदिना चेचायचा मडलर आणि लांब चमचा. हे झालं सामान्य लोकांसाठी. मी अख्खं किट मागवलं. त्यात संत्र्याची साल काढायची वेगळी सुरी आहे. बिभीषणच्या बारमध्ये सगळी मिळून एक वस्तू, सोड्याचा ओपनर. तोही सुतळीनं खिळ्याला बांधलेला. माझ्या काउंटरजवळ तो दिसता कामा नये, असं सांगून ठेवलं.

शेकर काचेचाही मिळतो. मी स्टीलचा घेतला. आत काय चाललंय ते दिसत नाही, हाच त्याचा रुबाब.

२० सप्टेंबर
उद्घाटन २ ऑक्टोबरला ठरवलं. पत्रिका छापायला टाकली. बिभीषण खाली मान घालून म्हणाला, "दाजी, त्या दिशी ड्राय डे असतो." आधी सांगायला काय झालं होतं? नियोजन म्हणून नाही या लोकांना.

५ ऑक्टोबर
उद्घाटन. काळा वेस्टकोट घातला. उकडलं.

पहिलं गिऱ्हाईक राधाकिशनअण्णा, माजी सरपंच, इथलं रोजचं. त्यांच्यासाठी व्हिस्की सावर. व्हिस्की ओतली, लिंबू पिळलं, साखरेचा पाक घातला, झाकण लावलं आणि खांद्यावरून हलवायला लागलो. अण्णा म्हणाले, "झाकून काय करायला बे?" बिभीषण धावत आला. "अण्णा, आमचे दाजी हायत." तेव्हा अण्णा म्हणाले, "दाजी, झाकून काय करायलाव?"

मग विचारलं, सील कुठंय? मी म्हणालो, बाटली आधीच उघडलेली असते, जगभर तशीच असते. "मंग आमी न्हाई पेत."

इथली पद्धत अशी. क्वार्टर टेबलावर यायची सीलबंद. गिऱ्हाईक ती उलटी करून बघणार, बूच चाचपणार, मग ते डोळ्यांदेखत फोडायचं. कट्ट आवाज आला की माणूस पाठ टेकून बसतो. आवाज नाही आला तर त्यात भेसळ आहे, पाणी आहे, विष आहे. अडाणीपणाला औषध नाही.

ग्लास तसाच राहिला. मीच प्यायलो. उत्तम झालं होतं.

९ ऑक्टोबर
तोडगा काढला. अण्णांसमोर नवी क्वार्टर फोडली. कट्ट. अण्णा खूश. जिगरनं मापून शेकरमध्ये ओतली. अण्णा म्हणाले, बाटलीत राहिलं ते माझं ना? मी हो म्हणालो. त्यांनी क्वार्टर सदऱ्याच्या खिशात ठेवली. मी झाकण लावलं तर म्हणाले, काढा, आत बघू द्या. बघितलं. पुन्हा लावलं. पुन्हा काढा. शेवटी शेकरच तोंडाला लावून सगळं पिऊन टाकलं आणि टेबलावर जाऊन सोडा मागवला.

निश्चय: गिऱ्हाईकाशी वाद घालायचा नाही. त्यांची लायकी नाही.

१७ ऑक्टोबर
स्वयंपाकघरातल्या विमलबाईनं शेकर नेला. शेंगदाणे, कांदा, तिखट आत घालून झाकण लावते आणि हलवते. मसाला सगळीकडे सारखा लागतो म्हणे. टेबलं पुन्हापुन्हा मागवतायत. मी रागावलो तर म्हणाली, "रिकामंच पडलं व्हतं की, दाजी." मडलरनं लसूण चेचतात. लांब चमचा लोणच्याच्या बरणीत.

संत्र्याची सुरी अजून माझ्याकडे आहे.

२४ ऑक्टोबर
चूक माझी नाही, गावाची आहे. संभाजीनगरच्या एका मोठ्या हॉटेलात बारटेंडर पाहिजे. अर्ज केला. मुलाखतीला बोलावलं.

आजच क्लासच्या सरांचा फोन. येणार का नाही, एकदाचं सांगा. मनिषा फोन हातात धरून माझ्याकडे बघत होती. नाही म्हणून सांग, म्हणालो. तिनं सांगितलं. कळेल तिला.

३० ऑक्टोबर
मुलाखत झाली. बार बघून डोळे भरून आले. काचेचं काउंटर, टांगलेले ग्लास. असली माणसं पाहिजेत.

तिथल्या पोरानं शेकर हलवून एक कॉकटेल पुढं ठेवलं. मॅनेजर म्हणाले, चव घ्या आणि आत काय काय आहे ते सांगा. सोपं होतं. ग्लास उचलला. ओठांपर्यंत नेला. आणि तोंडातून निघून गेलं, "बाटली दाखवा. सील कुणी फोडलं?"

पोरगा हसला. मॅनेजर हसले नाहीत. कळवतो म्हणाले.

मी स्वच्छतेच्या दृष्टीनं विचारलं होतं. तरी त्या ग्लासला तोंड लावायचं धाडस झालं नाही, हे खरं. झाकून काय केलं कुणास ठाऊक.

१२ नोव्हेंबर
दिवाळी झाली. हॉटेलनं कळवलं नाही. क्लासवर माझाच एक विद्यार्थी शिकवायला लागलाय. त्याचं इंग्लिश यथातथाच आहे.

भागीदारीचा विषय बिभीषणनं काढला नाही. निरोप वेटर हनुमानकडून आला. "मालक म्हणलेत, दाजींनी टेबलावर जाऊन सील तेवढं फोडावं. घरचा माणूस म्हणलं की गिऱ्हाईकाला भरवसा येतो." विश्वासाचं काम आहे. म्हणून घेतलं.

आज अण्णांच्या टेबलापासून सुरुवात. कट्ट. अण्णांनी कान देऊन ऐकलं आणि मान हलवली. मग म्हणाले, दाजी, सोडा बी फोडा. सुतळी टेबलापर्यंत पुरत नाही. बाटली घेऊन खिळ्यापाशी गेलो, फोडली, परत आलो. असं दिवसभर.

शेवटी हनुमानला म्हणालो, सुतळी काप, ओपनर मी खिशात ठेवतो. तो म्हणाला, मालकाला विचारावं लागंल.