सतराव्या मजल्यावरच्या ताईस

घणसोली गाव, नवी मुंबई
१६ जानेवारी २०२५

प्रिय ताईस,
मालतीचा सप्रेम नमस्कार.

आम्ही सगळे मजेत. तेजसचं ऑफिस आता वाशीला, चौथ्या मजल्यावर. तुझे भावोजी सकाळी भाडेकरूंशी पाण्यावरून भांडतात आणि दुपारी त्यांच्याकडेच चहा पितात.

फोनवर मी विषय बदलते, म्हणून लिहायला बसलेय.

उलव्याला तुझ्या नव्या घराच्या वास्तुशांतीला मी आले नाही. गुडघे दुखतात म्हणाले. अगं, गुडघे दुखणारी माणसं तर लिफ्टनेच जातात. मला सबबसुद्धा धड सांगता आली नाही. तुला वाटलं, आईच्या पाटल्यांच्या वाटणीवरून मी अजून मनात धरून बसलेय. नाही गं. मला लिफ्टची भीती वाटते. अप्पांच्या आजारपणात दवाखान्याच्या लिफ्टमध्ये अंधारात अडकले होते ना, तेव्हापासून.

ह्यांना सांगितलं तर हसतील असं वाटलं होतं. हसलेच. पण मग दर बुधवारी वाशीला मासळी घेतली की मला तेजसच्या ऑफिसच्या इमारतीत न्यायला लागले. "आज निस्ता बघ. चढाचा नाय." पुढच्या वेळी आत उभं राहायचं, दार उघडंच. मग एक मजला, ह्यांचा हात धरून. "माले, बोटा मोडशील माजी," म्हणाले.

काल पिशवीत सुकट आणि ओले बोंबील. मी आत शिरले तसे सगळे नाकाला रुमाल लावून बाहेर. हे त्यांच्याशी भांडायला वळले आणि दार बंद झालं. आत मी एकटी. देवीचं नाव घेतलं, पिशवी पोटाशी धरली. चौथा मजला आला. समोर तेजस. "आई, तू एकटी?" "बाजूला हो, मला खाली जायचंय," म्हटलं आणि त्याला आत न घेता लिफ्टने एकटीच उतरले. खाली हे पांढरेफटक. "तुला काय झाला असता तं?" शेवटी ह्यांनाच पाणी पाजावं लागलं.

भीती पुरती गेलेली नाही. पण आता ती असली तरी मी लिफ्टमध्ये शिरते.

रविवारी तुझ्याकडे येतेय. न्यायला खाली कोणाला पाठवू नकोस, सतरा मजले मी एकटी येईन. तू फक्त वर लिफ्टच्या दाराशी उभी राहा. रागावलेली असलीस तरी चालेल.

तुझीच,
मालती